ओढ्याकडचा गाळ

माधुरी वाफ्यात बसून मेथी उपटत होती आणि दर मुठीला तिची नजर बांधापलीकडे जात होती. तिथं थोरल्या जावेचं, चांगुणाचं रान. मेथी अशी तरारलेली की बघवत नव्हतं. उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा गावानं गाळ उपसला आणि ओढ्याच्या तोंडाजवळचा काळा, लोण्यासारखा गाळ चांगुणाच्या नवऱ्यानं ट्रॅक्टर लावून आधी उचलला. माधुरी तेव्हा माहेरी काष्टीला होती आणि तिचा नवरा सुनील कधी कुणाच्या पुढे घुसणारा नव्हे. तेव्हापासून तिचा जळफळाट चालला होता आणि तो ती फारसा लपवतही नव्हती.

तिची मेथीही यंदा बरी आली होती म्हणा. तीही बिनगाळाची. याचा तिला कोण तोरा!

स्कूटी थांबली आणि मोनिका बांधावर आली. नगरच्या कॉलेजातली ही मुलगी उन्हाळ्यात तळ्यात पाइप ठोकून गाळाचे नमुने घेऊन गेली होती. चांगुणा शेवगावच्या बाजाराला गेलेली, म्हणून ती इकडे आली.

"काकू, ओढ्याच्या तोंडाजवळच्या गाळात शिसं निघालंय, खूप. वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडायचे ना, तिथनं वाहून आलंय. तो गाळ टाकलेल्या रानातली पालेभाजी खाऊ नका. गरोदर बाईनं तर अजिबात नाही. पलीकडच्या काकूंना सांगाल?"

"सांगते की."

मोनिका गेली आणि माधुरीला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. घरी लेक ज्ञानेश्वरी पहिल्या बाळंतपणाला आलेली, पण तिच्या ताटात रोज आईच्याच वाफ्यातली मेथी होती. काळजीचं कारण नव्हतं.

चांगुणा बाजारातून परतली ती दिवस कलल्यावर. सांगायचं तर होतंच, पण त्याआधी माधुरीला जरा मिरवून घ्यायचं होतं.

"अक्का, बघा तरी आमची मेथी. गाळ न्हाई, काय न्हाई. नुसत्या मुरमावर आलीय."

चांगुणा हसली.

"मुरमावर कशी येईल गं? तू काष्टीला गेल्तीस तवा दोन-तीन खेपा तुज्या वाफ्यात टाकल्या. ओढ्याकडचाच हाय. नांगरून कालवला म्हनून दिसला न्हाई तुला. आमी देतोय म्हनल्यावर तू घेतला नसतास, म्हनून भावजींनाबी गप बसवलं. पोरगी बाळंतपनाला यायची हुती. म्हनलं, खाईल चांगलंचुंगलं."

माधुरी पुढे सरकली आणि मेथी ओरबाडू लागली, मुळासकट, मातीसकट. उपटलेले झुबके बांधावर फेकत राहिली.

चांगुणाचा चेहरा उतरला.

"आमचा गाळ म्हनून? इतका राग करतीस व्हय माजा?"

"न्हाई अक्का." माधुरीचे हात थांबले नाहीत. "शिसं हाय त्यात. कालेजातली पोरगी सांगून गेली. गरवारशीनं खायाचं न्हाई म्हनली. तुमाला सांगाया सांगितलं हुतं."

"कवा आल्ती?"

"सकाळी."

चांगुणानं बाजाराची पिशवी खाली ठेवली. पदर खोचला आणि माधुरीच्या शेजारी बसून तीही उपटू लागली.

मग मान वर न करता चांगुणानं विचारलं,

"दुपारी काय जेवली पोरगी?"