लाळेतलं गणित

शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पालक भिंतीला टेकून उभे होते, काही खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसले होते, आणि सगळ्यांच्या माना व्यासपीठाकडे. तिथे पांढऱ्या कोटातला एक माणूस आणि त्याच्या शेजारी फ्रिजएवढं यंत्र. लोक त्या माणसाला जीनगुरू म्हणत. त्यालाही ते आवडायचं.

"तुमच्या मुलाच्या लाळेत त्याचं सगळं आयुष्य लिहिलेलं आहे," तो मऊ आवाजात सांगत होता. "तुम्ही शिकवण्या लावता, रागावता, रात्र रात्र जागता. अहो, जे जनुकातच नाही ते बाहेर येणार कुठून? गणित आहे की नाही, संगीत आहे की नाही, पुढारीपण आहे की नाही, आमचं यंत्र दहा मिनिटांत सांगतं."

मुलाच्या गालात कापसाची काडी फिरवायची आणि यंत्राच्या फटीत सरकवायची. यंत्र घरघरायचं, निळे दिवे लुकलुकायचे, आणि छापील अहवाल बाहेर यायचा. तो वाचून आयांचे डोळे भरून यायचे. "अगदी तंतोतंत," त्या म्हणायच्या. "याला चित्रांचं वेड आहे, हे यांना कसं कळलं?"

माझी वहिनीही तसंच म्हणाली, म्हणून मी या भानगडीत पडले.

मी जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत संगणकावर काम करते. जनुकं चार अक्षरांत लिहितात. त्या अक्षरांच्या लांबलचक माळा एकमेकींशी ताडून पाहायच्या, हा माझा रोजचा उद्योग. एखाद्या आजाराचा धोका किंचित जास्त आहे एवढं म्हणायलाही आम्हाला हजारो माणसांचे नमुने लागतात आणि तरी आम्ही दहादा कचरतो. हा गृहस्थ मात्र घरघरणाऱ्या कपाटातून नववीतल्या मुलांची भवितव्यं काढत होता.

दादाच्या मुली जुळ्या, इतक्या सारख्या की मी आत्या असून अजून चुकते. थोरलीला वहिनीनं तपासायला नेलं. अहवाल आला : 'गणिती जनुक अनुपस्थित.' धाकटी तेव्हा तापानं पडली होती, तिला नंतर दादा घेऊन गेला. तिचा अहवाल : 'गणिती जनुक अतिप्रबळ.' घरात लगेच निकाल लागला. धाकटीला मोठा क्लास, आणि थोरलीला दहावीनंतर गणित नसलेला गट.

"दादा, या दोघी एकाच अंड्यातून झाल्यात," मी म्हटलं. "दोघींची जनुकं सारखीच आहेत. एकीत आहे आणि दुसरीत नाही, असं कसं होईल?"

"पण फरक खरा आहे ना? थोरलीला गणित जमत नाही, हे आपण बघतोच की."

"मग ते सांगायला यंत्र कशाला लागलं?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे," दादा म्हणाला आणि त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. थोरली दारातून ऐकत होती. ती आत निघून गेली.

मी दोन्ही अहवाल प्रयोगशाळेत नेले. प्रत्येकाच्या तळाशी 'आपल्या पाल्याचा जनुकक्रम' म्हणून अक्षरांची एक ओळ छापलेली होती. दोघी बहिणींची ओळ सारखीच निघाली. ते एक वेळ ठीक. मग शेजारच्या मुलाचा अहवाल मागून घेतला. त्यावरही तीच ओळ. आमच्याकडे एक प्रोग्राम आहे. अक्षरं दिली की जगभर साठवलेल्या नोंदींत शोधून तो सांगतो, ती कोणत्या जिवाची आहेत. मी ती ओळ त्यात टाकली.

उत्तर आलं, कोंबडी.

जीनगुरूचे म्हणे शंभरावर शोधनिबंध होते. ग्रंथपालबाई माझी मैत्रीण. तिच्याकडे मजकूर ताडून पाहण्याचं साधन आहे. तिनं सगळे निबंध त्यातून काढले. एकच निबंध, फक्त शीर्षकं बदललेली. तोही मुळात दुसऱ्याच कुणाचा, टोमॅटोच्या रोपांवरचा. यानं सरसकट 'रोप' काढून तिथे 'विद्यार्थी' घातलं होतं.

मुख्याध्यापिकाबाईंना हे सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पालक खूश आहेत हो," त्या म्हणाल्या. "आपण कशाला मोडता घालायचा?"

म्हणून पुढच्या शिबिरात, दादा-वहिनीही आलेले असताना, मी सभागृहात उभी राहिले. आधी निबंधातलं एक वाक्य वाचून दाखवलं : 'विद्यार्थी सहा आठवड्यांचे झाल्यावर मुळासकट उपटून उन्हात वाळवले.' मागच्या रांगेत हशा पिकला. जीनगुरूही हसला. "भाषांतरकाराची चूक, ताई. विज्ञान भाषेच्या पलीकडे असतं." मी कोंबडीचं सांगितलं. "सगळे जीव एकाच मुळाचे, हे तर तुम्हीच शिकवता ना?" लोकांनी माना डोलावल्या. मी जुळ्या बहिणींचे अहवाल वर धरले. "शरीर सारखं, पण ऊर्जा वेगळी," तो म्हणाला, आणि कुणीतरी टाळी वाजवली.

मला रडू यायचं बाकी होतं. हातात एवढे पुरावे, आणि त्या माणसाकडे प्रत्येक पुराव्यावर एक गोड वाक्य. "बसा हो आता," एक बाप माझ्यावर खेकसला. "आमचा नंबर जाईल."

तेवढ्यात माझ्या शेजारून वहिनी उठली. ती चारचौघांत कधी बोलत नाही.

"बाहेर टेबलावर बसते ना, ती मुलगी," ती म्हणाली. "थांबायला सांगते आणि गप्पा मारते. तिनं मला विचारलं होतं, हिला कोणत्या विषयाचं रडू येतं? मीच म्हटलं, गणिताचं." ती दादाकडे वळली. "तुम्ही धाकटीबद्दल काय सांगितलंत तिला?"

दादा खाली बघत म्हणाला, "गणितात पहिली येते म्हणून."

मग खिडकीतली एक बाई म्हणाली, "मला विचारलं, घरी काय करतो? मी सांगितलं, भिंती रंगवतो." पलीकडून कुणी म्हणालं, "आमचा गातो, हे मीच बोलले होते." बाहेरची मुलगी गप्पा मारता मारता फोनवर टाइप करत असे, तेही एकेकाला आठवायला लागलं. जे आईबापांनी बाहेर सांगितलं, तेच आतून छापून येत होतं. काडी कुठेच जात नव्हती. मी बरोबर आणलेल्या, आमच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यानं यंत्राच्या फटीमागचं झाकण उघडलं. आत एक पंखा, दिव्यांची माळ आणि तळाशी वापरलेल्या काड्यांचा ढीग.

जीनगुरू कधी सटकला, कळलंच नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेत त्याचं शिबिर झाल्याचं ऐकलं. तिथेही म्हणे पाय ठेवायला जागा नव्हती. दादा अजून म्हणतो, "सगळंच काही खोटं नसेल."

पण मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. यंत्र उघडलं त्या संध्याकाळी मी थोरलीसमोर गणिताचं पुस्तक उघडलं. तिनं ते मिटून ठेवलं.

"ते यंत्र खोटं होतं गं," मी म्हटलं.

"माहीत आहे. पण आईनं सांगितलेलं खरंच होतं ना, आत्या?"

मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि विचारलं, कुठे अडतं ते दाखव. तिनं कपाटातून सहावीचं जुनं पुस्तक काढलं आणि अपूर्णांकांच्या पानावर बोट ठेवलं. तेव्हापासून ती तिथेच अडली होती, आणि इतक्या वर्षांत आम्हा कुणालाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

आईबापहो, मुलाला काय येतं आणि काय येत नाही, हे कोणतंही यंत्र लाळेतून वाचू शकत नाही. कुणी वाचून दाखवलं तर आधी विचारा, या माणसाला हे कुणी सांगितलं? आणि मग मुलाच्या शेजारी बसून त्यालाच विचारा, तू कुठे अडलास?