पहिलं कोको कुणी लावलं

कोकोची फळं फोडायला बाया बसल्या की हातापेक्षा तोंडं जास्त चालतात. त्या दिवशी आम्ही न्यारकोआच्या शेतात ढिगाभोवती बसलो होतो. हात गरानं चिकट झालेले, अंगावर माश्या, आणि पाऊस उघडल्यावरची ती ओली, दम कोंडणारी उष्णता. तेवढ्यात घराण्याचा थोरला बोसोम्पेम आला. त्याच्यामागे शहरातल्या विद्यापीठाची एक पोरगी होती, गळ्यात आवाज साठवायचं यंत्र अडकवलेली. डेडे तिचं नाव. ती समुद्रकाठची, आमच्या रानातल्या रीती तिला काय ठाऊक असणार.

थोरला म्हणाला, गावाचा इतिहास गोळा करायचाय. जुनी पानं गळायला लागली, त्यांच्याबरोबर सगळं मातीत जाईल. हे त्यानं अशा सुरात सांगितलं की आमच्यातल्या दोघींनी पदरानं डोळे टिपले. मेलं, मला तेव्हाच कळायला हवं होतं. न्यारकोआच्या शेतावर त्याचा डोळा आहे हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं. पण ती घराण्याची लेक, आणि आमच्यात घराणं आईकडून चालतं. तिच्या आजीनं रान तोडून केलेलं शेत, तिला तिथून उठवणार कोण?

आमच्यात एक कायदा आहे, राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना: कुणाचं मूळ कुणी सांगायचं नाही. आमच्या पणज्यांच्या काळी उत्तरेकडून माणसं विकत आणायचे. त्यांची लेकरं घराण्यात मिसळली, घराण्याची झाली, आणि गावानं तोंड शिवून घेतलं. थोरला जरी बोलला असता तरी त्याची गादी गेली असती. म्हणून तो बोललाच नाही. त्यानं डेडेला म्हाताऱ्या फोसुवाच्या दारात नेऊन बसवलं आणि एवढंच सुचवलं, गावात पहिलं कोको कुणी लावलं ते विचार.

फोसुवा गावातली सगळ्यात जुनी बाई. डोळे गेलेले, पोटची लेकरं मेलेली. तिला दोन घास भरवायची ती न्यारकोआच. म्हातारीला वाटलं, आवाज शहरात जाणार, परक्या लोकांत, तर आपल्या पोरीच्या घराबद्दल चार शब्द चांगले बोलावेत. माळ घालायला गेली ती, आणि ती माळ फासाची निघाली.

गोळा केलेलं शहरात न्यायच्या आधी गावाला ऐकवायचं, असं थोरल्यानं डेडेकडून कबूल करून घेतलं होतं. मोठ्या झाडाखाली कर्णा लावला. न्यारकोआ ठेवणीतलं लुगडं नेसून, म्हातारीचा हात धरून पुढे बसलेली. म्हातारीचा आवाज सुरू झाला तसे सगळे हसले. कर्ण्यातून तो आणखीच खडखडीत येत होता.

"पयलं कोको लावलं ते या न्यारकोआच्या आजीनं. गालावर कोरलेल्या रेघा हुत्या तिच्या, उत्तरेकडच्या. मिठाच्या एका गोणीवर इकत आणली हुती तिला, एवढीशी पोर. पर हात असा, की वाळली काटकी रोवली तर पालवी फुटावी. आमचं बापय हसत बसलं, आन् तिनं एकटीनं रान तोडलं."

हसू कुठल्या कुठे गेलं. न्यारकोआला हे ठाऊक नव्हतं. तिनं आधी म्हातारीकडं पाहिलं, मग आमच्याकडं, आणि आम्ही सगळ्या खाली मातीत बघत राहिलो. आम्ही बायकाच तेवढ्या नीच, असं नाही. बापयही मातीतच बघत होते.

थोरला उठला. अंगावरचं वस्त्र सारखं केलं, तोंड मेल्या घरचं केलं.

"म्या कायबी बोललो न्हाई," तो म्हणाला. "कानात पाणी गेलं तर झटकता येतं. बोल गेला तर न्हाई."

निवाडा तिथंच झाला. कायदा मोडला म्हणून म्हातारीनं एक मेंढरू द्यायचं. विकत आणलेल्या बाईनं केलेलं ते घराण्याचंच, म्हणून शेत घराण्याकडं परत. न्यारकोआनं तिथंच राबावं, दोन वाटे घराण्याचे, एक तिचा. डेडे रडायला लागली. तिनं आमच्यासमोर तो आवाज यंत्रातून पुसून टाकला. गावाचे कान कशानं पुसणार होती ती?

म्हातारीकडं मेंढरू कुठलं? न्यारकोआनंच आपलं एकुलतं एक सोडून आणलं. ते कापलं, घराघराचे वाटे पडले. न्यारकोआ सवयीनं परात घेऊन उभी राहिली. कालपर्यंत तिला ताई म्हणणारा थोरला म्हणाला, "हा वाटा घरच्यांचा हाय, बाई."

सांजेला मी विस्तव मागायला तिच्याकडं गेले. म्हातारी रडून रडून थकली होती, तरी जीभ शाबूत होती.

"बोलीव त्या पोरीला परत," ती न्यारकोआला म्हणत होती. "बोसोम्पेमची आजीबी त्याच मिठावर आली हुती. तिच्या गालाला म्याच त्याल लावायची. सांगत्ये सगळं."

न्यारकोआ रश्श्यावर फुंकर घालत होती.

"नगं, आज्जे. त्याच्या भाचीचं लगीन ठरलंय. तिनं काय केलंय?"

आणि तिनं घास भरवला. मला असा संताप आला की विस्तव न घेताच परतले. मी असते तर झाडावर चढून ओरडले असते. पण मीही आजवर गावात ब्र काढलेला नाही. तुम्ही परके, म्हणून तुम्हाला सांगतेय.

डेडे निघाली तेव्हा तिच्या यंत्रात आमच्या गावाची जागा रिकामीच होती. थोरल्याला तिची दया आली. तो तिच्यासमोर ऐसपैस बसला आणि सांगता झाला, गावात पहिलं कोको माझ्या मामाच्या मामानं लावलं. शहरात आता तेच जपून ठेवलंय म्हणे.

सुगीत आम्ही पुन्हा त्याच शेतात फळं फोडायला बसलो. थोरला झाडाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "जरा जपून कोयता चालीव, बाई. माझ्या वाडवडलांची झाडं हायती."

न्यारकोआचा कोयता क्षणभर थांबला. मला वाटलं, आता बोलते. म्हातारीनं दिलेलं तिच्या ओठांवर होतं, नुसतं तोंड उघडायचं काम.

तिनं दोन टोपल्या त्याच्या ढिगावर ओतल्या, एक आपल्या, आणि पुढचं फळ उचललं.