परत आला तर?

मी कॉम्प्युटर बोलतोय, आलापल्लीच्या बाजारातला. तुमच्या घरी असतो तसा चपटा आणि हलका नव्हे. माझ्या काचेमागे चांगलं मोठं कुबड आहे. नागपूरच्या एका कचेरीनं मला जुना झाला म्हणून काढून टाकलं, तेव्हा सादिकनं मला गोणपाटात गुंडाळलं आणि एसटीच्या मागच्या सीटवर बसवून इकडे आणलं. वाटेत सागाचं जंगल लागलं. गोणपाटाच्या विणीतून हिरवा उजेड आत झिरपत होता आणि मला वाटलं, आपण पाण्याखालून चाललो आहोत. ते वाटणं पुढे कधी पुरतं गेलंच नाही.

सादिकचं दुकान फोनचं आणि झेरॉक्सचं. दोन हजार पाच साली त्यानं फोनची तार मला जोडली. इंटरनेट लागताना मी आधी किर्रर्र करायचो, मग खाकरायचो, मग एकदम गप्प व्हायचो. त्या गप्प होण्यात कुठून कुठून माणसं येत, धुक्यातून यावीत तशी. पोरं निकाल बघत, वनखात्यातले बाबू बदलीची बातमी शोधत. काम झालं की उठून जात. माझ्यासमोर जी खरोखर बसली, ती खुर्शीदाआपा.

ती सादिकची थोरली बहीण. कपडे शिवायची. तिचा नवरा अल्ताफ सागाची दारं-खिडक्या घडवणारा सुतार. आपाला छातीचा कॅन्सर झाला होता. नागपूरला ऑपरेशन झालं, औषधांच्या बाटल्या शिरेतून चढल्या, केस गेले आणि परत आले ते कुरळे. डॉक्टर म्हणाले, आता आजार नाही. अल्ताफनं मोहल्ल्यात मिठाई वाटली. आणि बरोबर त्याच दिवसापासून आपाला भीती वाटायला लागली.

हे तिनं सांगितलं ते फक्त सादिकला, एका दुपारी, बाजार डुलक्या घेत असताना.

"पाठ दुखली का मले वाटते, आला. खोकला आला का वाटते, आला. घरी बोललं तर तुझे दुल्हाभाई म्हणतात, आता बरी झाली ना, मग काऊन रडून राह्यली? त्याइचंबी खोटं नाई. पण मी कोणाजवळ बोलू?"

सादिकनं डोकं खाजवलं. मग मला सुरू केलं. कॅन्सरमधून उठलेल्या बायांचा एक ग्रुप त्याला सापडला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी-हिंदी लिहायच्या त्या, एकमेकींना कधी न पाहिलेल्या.

"लिही ना आपा. इथी कोणी हसत नाई," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

आपा एका बोटानं लिहायची, सुईचं टोक तपासावं तसं एकेक अक्षर दाबून. आधी लिहिलं, 'मी मरीन का?' ते पुसलं. मग 'माझी पोरगी कहकशाँ अजून लहान आहे.' तेही पुसलं. शेवटी पाठवलं ते एवढंच: 'पाठ दुखून राह्यली. परत आला तर?'

पुसलेलं कुठे जातं, कोण जाणे. मला वाटतं, ते माझ्याजवळच राहतं.

दुसऱ्या दुपारी उत्तर आलेलं होतं.

'मी रंभा आहो, पोंभुर्ण्याकडची. आमची धानाची शेती. माझी पोरगी करिष्मा चंद्रपूरले शिकते. मी तिच्याकडे आली का थे लिहिते, मी बाजूले बसून सांगतो. तुले वाटते थे मलेबी वाटते. रोवणीत रोपं लावून कंबर धरली तरी वाटे, आला. मग मी पोरीले सांगतो, मले भेव लागून राह्यला. थे उगी बसते माह्याजवळ. बस.'

आपानं ते कितीदा वाचलं! माझ्या काचेचा निळा उजेड तिच्या ओढणीवर पडला होता.

मग दुपारी तशाच येत गेल्या. दोघी भीतीबद्दल कमी आणि बाकीचंच फार लिहीत. मोहाची फुलं यंदा लवकर पडली. कहकशाँ शाळेत गाणं म्हणाली. एकदा रंभानं विचारलं, एक बाजू सपाट झाल्यावर ब्लाऊज नीट कसा बसवायचा? आपानं तिचं माप मागवलं आणि एक ब्लाऊज शिवला, आतून खिशाचा. खिशात कापसाची उशी, आणि वजन यावं म्हणून त्यात मूठभर मोहरी. तो एसटीनं चंद्रपूरला धाडला. रंभानं कळवलं, 'घालून आरशापुढे उभी राह्यली. पोरगी म्हणे, आई, लग्नाले चालली का?'

उन्हाळ्यात आपाच्या जबड्याखाली एक गाठ हाताला लागली. नागपूरच्या तपासणीची तारीख जवळ आलेली. घरी ती म्हणाली, लग्नसराईचे कपडे पडून आहेत, नंतर जाईन. मला मात्र खरं ठाऊक होतं. तिनं रंभाला लिहिलं होतं, 'तपासून पाहिलंच नाई तर आजारबी नाईच ना?'

'माहीबी तपासणी आहे,' रंभानं लिहिलं. 'दोघी जाऊ. नागपूरच्या स्टँडवर मी उभी राहीन. तोंडानं नाई ओळखलं तरी ब्लाऊजनं ओळखशील.'

आपा गेली. त्यानंतर बऱ्याच दुपारी माझ्यावरचं फडकं कोणी काढलं नाही.

ती परत येऊन बसली तेव्हा सादिक दारातच थांबला. तिची बोटं ग्रुपवर लिहीत गेली तसं मला कळत गेलं. तिची गाठ किडलेल्या दाढेची निघाली. रंभाचा आजार परत आला होता, हाडांत.

आपानं लिहिलं, 'अल्लाह सब ठीक करेगा.' पुसलं. 'काही होत नाई.' तेही पुसलं. हेच तर तिला सगळे म्हणत आले होते. बाहेर सागाची मोठाली वाळकी पानं रस्त्यावरून खरखरत गेली. शेवटी तिनं लिहिलं, 'रंभा, मले भेव लागून राह्यला. तुले?'

'मलेबी,' उत्तर आलं. 'पण एक सांगतो. इतके दिवस मी भेत होती, परत आला तर काय होईन? आला. मी रडली. मंग भूक लागली. पोरीनं भात मांडला, मी जेवली. औषध परत सुरू होऊन राह्यलं. तू लिहीत राह्य.'

आपा हुंदके देऊन रडू लागली, आणि त्याच वेळी अल्ताफ दुकानात आला. अंगभर लाकडाचा भुसा. तो तिच्यामागे उभा राहिला आणि सगळं वाचत गेला, हळूहळू, वरपासून खालपर्यंत. मग स्टूल ओढून शेजारी बसला.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही इतके खुश होते."

अल्ताफ हातावरचा भुसा झाडत राहिला. "खुश कुठचा? भेव तर मलेबी वाटते. तू झोपली का तुझा श्वास ऐकत राह्यतो. म्हणून तर दिवसा जोरात बोलतो."

त्या दुपारी दोघं खूप वेळ माझ्यासमोर बसले. लिहिलं काहीच नाही.

पुढे रंभाच्या प्रत्येक औषधाच्या वेळी आपा नागपूरला जाऊ लागली. ग्रुपवर नव्या बाया यायच्या, घाबरलेल्या, अर्ध्या ओळीत थांबणाऱ्या. त्यांना आता आपा लिहायची, आणि अल्ताफ शेजारी बसून तिची चुकलेली स्पेलिंगं दाखवायचा, स्वतः त्याहून चुकीची सांगून.

एका पावसाळ्यात माझ्या काचेत आधी एक पांढरी रेघ राहिली, मग एक ठिपका, मग तोही विझला. शेवटचा उजेड होता रंभाच्या ओळीवर: 'रोवणी झाली. यंदा मी बांधावर बसून पाह्यली. हिरवंगार दिसून राह्यलं.'

आता मी अल्ताफच्या कारखान्यात फळीवर असतो. रंधा चालला की सागाच्या वासाचा भुसा माझ्यावर पडतो आणि मी पुन्हा पाण्याखालून चालल्यासारखा होतो. मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. माझं चालून झालं. मागणं एवढंच आहे. बरं झालेलं माणूस 'मला भीती वाटते' म्हणालं, तर त्याला लगेच गप्प करू नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.

रंभाचं पुढे काय झालं, हे मी आता वाचू शकत नाही. पण अंगणात आपाचा नवा मोबाइल वाजतो. शिलाई मशीन मध्येच थांबतं, आणि तिचा आवाज येतो,

"हां, बोल रंभा. ऐकून राह्यली मी."