ऑस्करचं जेवण

अनुपमाने बाही वर सारून काचेच्या पेटीत हात घातला आणि तळाशी बसलेल्या कणकेच्या गोळ्या एकेक करून वेचल्या. कोपऱ्यात ऑस्कर आडवा पडून होता. वीतभर लांबीचा, काळा-केशरी मासा. गोळ्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

त्या गोळ्या रोज सकाळी तिचे सासरे, रंगराव, हरिपाठ म्हणता म्हणता टाकायचे. घर माळकरी. तीन पिढ्यांत चुलीवर अंडंसुद्धा चढलेलं नाही. तिच्या नवऱ्याने, प्रज्वलने, मासा आणला तेव्हा बापाला ठोकून दिलं की हा नुसती कणीक खातो. पण जिवंत मासोळ्यांशिवाय स्वारी तोंड उघडत नव्हती. न्हाणीमागे एक झाकलेली बादली होती. प्रज्वल मेहकरहून मासोळ्या आणून तीत ठेवायचा आणि नवराबायकोचं तेरी भी चूप, मेरी भी चूप.

आता प्रज्वल आठ दिवस कामासाठी अकोल्याला गेला होता आणि बादली तीन दिवसांतच रिकामी झाली. साखरखेर्ड्याच्या बाजारात मासोळ्या मागायची अनुपमाची छाती होईना. रंगरावांची सून मासे घेते, हे घटकेत गावभर झालं असतं. म्हणून ती गोळ्या गुपचूप काढून टाकायची. दुपारी रंगराव पेटीत डोकावून म्हणायचे, आज सगळं संपवलं बरं का यानं. तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शुक्रवारी सकाळी पाहते तर ऑस्कर पेटीभर फिरत होता. ती न्हाणीमागे धावली. बादलीत दहा-बारा मासोळ्या होत्या.

रंगराव ओसरीवर बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, पायांना तळ्याचा चिखल. पोट बरं नाही म्हणून काल दुपारपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं. जवळ गेल्यावर तिला त्यांचा मोकळा गळा दिसला. माळ गळ्यात नसताना माळकरी अन्नाला शिवत नाही, हे तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

"मामाजी, माळ?"

"काल देव्हाऱ्यात ठेवली. ती घालून जीव कसा मारू?"

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. असला मासा कणकीवर जगते काय, पोरी? पण पोरगं त्याच्यापायी संध्याकाळी घरी बसून राह्यते. मंग म्या काऊन बोलू?" ते पायाचा चिखल खरवडू लागले. "इतके दिवस डोळे झाकले. मुका जीव उपाशी मराले लागला, तवा नाही झाकता आले."

अनुपमाला मान वर करवेना. दोघांच्या लबाडीचं पाप या म्हाताऱ्याने आपल्या अंगावर घेतलं होतं, तेही उपाशीपोटी. उद्यापासून माशाचं मीच पाहीन, तुम्ही आंघोळ करून माळ घाला, असं ती खाली पाहतच म्हणाली. तासाभराने ते पाटावर बसले आणि दोन भाकरी जेवले. हात धुताना म्हणाले,

"प्रज्वलले सांगू नको. मान खाली घालून बसंन तो."

संध्याकाळी प्रज्वलचा फोन आला. त्याने आधी माशाची चौकशी केली, मग आवाज खाली आणला.

"बाबाले काही कळलं तं नाही ना?"

रंगराव समोरच बसले होते.

"नाही," ती म्हणाली. "त्याईले काय समजते त्यातलं."

रंगरावांनी हळूच मान डोलावली.