ड्रमफेर्नच्या ओढ्यावरचा दगड

मुठीत मावेन एवढा, काळा, जुना दगड आहे मी. मित्रांनो, ड्रमफेर्नच्या ओढ्याकाठी मी पडून होतो. अलीकडच्या काठी, एवढे ध्यानात ठेवा. ड्रमफेर्नची जमीन पलीकडे होती.

आमच्या स्कॉटलंडात तेव्हा नुसत्या कागदाने जमीन कोणाची होत नसे. त्याच जमिनीवर उभे राहून, तिथली माती आणि तिथला दगड घेणाऱ्याच्या हातावर ठेवावा लागे. एडिंबराचे न्यायाधीश गिल्बर्ट ऑखी यांनी ड्रमफेर्न विकत घेतले, त्या दिवशी ओढा दुथडी भरून वाहत होता.

"धनी, पाणी उतरू द्या," त्यांचा कारभारी निनियन म्हणाला. "जमीन पलीकडं आहे."

"अरे, उद्या कोर्ट आहे माझं. दगडाच्या काय कपाळावर गाव लिहिलेलं असतं? उचल इथलाच!"

सगळे हसले. निनियनने मूठभर मातीसह मला उचलले, विकणाऱ्याने मला साहेबांच्या हातावर ठेवले आणि लेखनिकाने 'ड्रमफेर्नच्या भूमीवर' असे लिहून टाकले. आमच्याकडचे न्यायाधीश आपल्या जमिनीचेच नाव लावीत. त्या दिवसापासून साहेब लॉर्ड ड्रमफेर्न झाले.

मग माझे काय ते कौतुक! धुऊन-पुसून मला एडिंबराच्या घरात मेजावर ठेवले. साहेबांची लहानगी बेथिया मला झग्याच्या ओच्यात घेऊन घरभर मिरवी. "बाबा, हा आहे म्हणून ड्रमफेर्न आपलं ना?" "हो गं बाई, हा आहे म्हणून." ते ऐकून मी आतल्या आत शरमत असे.

दहा वर्षांनी मॅरियन गेड नावाची विधवा दाराशी आली. तिच्या नवऱ्याने शेत घेतले, तेव्हा गुडघाभर बर्फ होते, म्हणून माती-दगड चर्चच्या अंगणातच दिला-घेतला. आता विकणाऱ्याचा मुलगा त्यावर बोट ठेवून शेत परत मागत होता.

"सरकार, बर्फात बांध दिसेना हो. देवाच्या दारात दिलेला दगड खोटा कसा?"

"दगड खोटा नाही बाई, जागा खोटी," साहेब म्हणाले. बोलताना त्यांचा हात माझ्यावर होता. तो एकाएकी थिजला. त्यांना सारे आठवले, हे मला त्या बोटांवरून कळले. तरीही दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांनी निकाल तिच्याविरुद्धच दिला.

"धनी, आपलं तरी निस्तरा," निनियन काकुळतीला आला. "ओढ्याला घोटाभर पाणी आहे. विकणारा म्हातारा अजून हयात आहे. पलीकडं जाऊन पुन्हा देऊ-घेऊ."

"आणि लोक विचारतील, तेव्हा? ज्यापायी तिला बेघर केलं, तेच माझ्या घरात होतं म्हणून सांगू?"

"लोकांचं सोडा. पदरात पोर आहे तुमच्या."

"गप्प बैस."

साहेब प्रार्थनेला बसत, तेव्हा मला रुमालाने झाकीत. पुढे मला कपाटात कोंडले. सहा वर्षे मी उजेड पाहिला नाही. त्या अवधीत तो म्हातारा गेला, साहेबही गेले, एडिंबराचे घर सुटून बेथिया सामानासह ड्रमफेर्नला राहायला आली आणि म्हाताऱ्याच्या नातवाने जमीन परत मागत दावा लावला.

"निनियनकाका, दगड पलीकडचा होता, एवढंच म्हणा ना," बेथिया रडत होती. "नाहीतर मी जाऊ कुठं?"

"पोरी, देवाची शपथ घेऊन कसं म्हणू गं? जीव माग, देतो."

त्याने खरे तेच सांगितले. कोर्टात तिच्या वडिलांचाच निकाल वाचून दाखवला गेला. मॅरियनविरुद्धचा. त्याच्यापुढे नातवाच्या वकिलाला आणखी काही बोलावेच लागले नाही.

एक गाठोडे आणि मी, एवढे घेऊन बेथिया ओढा ओलांडून आली. पाण्याने तिचे घोटेही भिजले नाहीत. अलीकडच्या काठी मला ठेवून ती वळून पाहत राहिली. "एवढंसंच तर पाणी होतं हो बाबा," ती म्हणाली आणि निघून गेली. तिचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. मॅरियनचेही नाही.

मित्रांनो, हातून चूक झाली असेल, तर पाणी घोटाभर असतानाच पलीकडे जाऊन या. देव क्षमा करतो, असे साहेब रोज म्हणत. पण पुन्हा ओढ्यापर्यंत ते कधी आलेच नाहीत.

मी अजून अलीकडेच पडून आहे. मला पाय नाहीत. त्यांना होते.