थकल्या हृदयाला हात

या मित्रांनो, असे जवळ सरका. खालची वायर सांभाळा! एका थकलेल्या हृदयाची गोष्ट सांगतो. चित्त मात्र इकडे ठेवा.

मी एक जुना पंप आहे. डॉक्टरमंडळी मला हृदय-फुप्फुस यंत्र म्हणतात. शस्त्रक्रियेच्या खोलीत माझी जागा. टाके घालण्यासाठी डॉक्टर औषधाने हृदय थांबवत, तेव्हा रोग्याचे रक्त मी फिरवायचे, त्यात प्राणवायू मिसळायचा. मला चालवणारे मास्तर स्टुलावर बसत. एक डोळा पडद्यावर, एक हात माझ्या बटणावर. सोळा वर्षे आम्ही जोडीने ही चाकरी केली. "याच्यासारखा दुसरा नाही," असे लोक म्हणत आणि मी फुगून जाई.

पुढे मोठ्या डॉक्टरबाई आल्या. त्या चालत्या हृदयावरच बायपास करत, म्हणजे तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून रक्ताची नवी वाट शिवत. मी कोपऱ्यात गेलो. माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी आली. जीव खट्टू झाला, खोटे कशाला बोलू?

एके दिवशी बाई मास्तरांपाशी येऊन बसल्या.

"मास्तर, उद्या बेकरीवाल्या काकांचं ऑपरेशन. हृदय जेमतेम पाव ताकदीनं चालतंय."

"वाहिनी उघडी ठेवणारी जाळी बसवून भागणार नाही?"

"तिन्ही वाहिन्या ठिकठिकाणी तुंबल्यात. नुसत्या गोळ्यांवर ठेवलं, तर दोन पायऱ्यांत धाप लागते. आणि थांबवलं तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. चालू ठेवूनच करू. पण तुम्ही यंत्राच्या नळ्या द्रावणाने भरून तयार राहा."

दुसऱ्या दिवशी काका आले. मला पाहून म्हणाले, "अबब! माझ्या भट्टीएवढं आहे की हे धूड!"

"आज ते नुसतं बसून राहणार आहे, काका," मास्तर म्हणाले.

"बायको मलाही हेच म्हणते!"

हसता हसताच त्यांना भूल चढली.

पहिल्या दोन वाटा सुरेख शिवून झाल्या. तिसरी हृदयाच्या मागच्या बाजूला. बाईंनी हृदय हलकेच उचलले मात्र, रक्तदाब घसरू लागला. नव्वद. सत्तर. पन्नास. हृदय खाली ठेवले तरी तो वर येईना.

"मास्तर!"

"तयार आहे, बाई."

नळ्या जोडल्या गेल्या. मी मनात म्हटले, आली माझी वेळ! आता थांबवा ते हृदय, सगळा भार माझ्यावर टाका! पण बाई म्हणाल्या, "थांबवायचं नाही हं. नुसता हात द्या."

मास्तरांनी बटण फिरवले ते अर्ध्यावरच. अर्धे रक्त माझे, अर्धे त्याचे. मित्रांनो, गाणाऱ्याचा दम सरला की मागे बसलेले साथीदार सूर धरतात, पण गाणे त्याचेच राहते ना? तसे झाले. मी धरून होतो आणि ते बापुडे हृदय हळू का होईना, आपला ठेका सोडत नव्हते. दुसऱ्याला थांबवल्यावाचून त्याचे ओझे उचलता येते, हे मला सोळा वर्षांनी कळले. देवाघरची शाळा कधी सुटत नाही, हेच खरे.

तिसरी वाट शिवून झाली. आता माझा हात काढून घ्यायचा होता.

"पाव," बाई म्हणाल्या. मास्तरांनी मला मंद केले. पडद्यावरचा आकडा डगमगला, सावरला.

"बंद करा."

माझी चाके थांबली. पंच्याऐंशी. नव्वद. शंभर! हृदय एकट्याने चालले होते. मास्तरांनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांचा चष्मा धुरकटला. बाईंनी दारातूनच बाहेर थांबलेल्या काकूंना सांगितले, "धोक्याची वेळ टळली." काकू डोळे पुसत म्हणाल्या, "घरी येऊ देत, मग बघते त्यांच्याकडे! दोनदा छाती दुखली, तर अपचन म्हणून दडवलं मेल्या माणसानं!"

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी असे दडवत असेल, तर ऐकू नका, डॉक्टरांकडे न्या. काका आता सावकाश का होईना, जिना चढतात. बाईंचे नाव ते सगळ्यांना सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण हात जोडाल तेव्हा स्टुलावरच्या माझ्या मास्तरांचीही आठवण ठेवा. काकांनी त्यांना पाहिले ते भूल चढण्याआधीची दोनच मिनिटे.