गसला कुणी विचारलं नाही

मित्रांनो, मला कुत्रा म्हणा नाहीतर कागद म्हणा, दोन्ही खरंच आहे. मी एक जुना, जाड, तळहाताएवढा कागद आहे आणि माझ्यावर पेन्सिलीने एका कुत्र्याचा संसार लिहिलेला आहे. नाव गस. एक कान फाटका. जीव चौदा गुणांचा, नाक तिखट, अक्कल दोन.

माझा जन्म मिनेसोटातल्या एका खाणगावात, ऑरिनच्या तळघरात झाला. ऑरिन आठवडाभर रस्त्यावरचा बर्फ लोटायची गाडी चालवायचा आणि रविवारी चर्चमधून आला की टेबलावर राज्य मांडायचा. जंगलं, किल्ले, भुतं, सगळं तोंडी. खेळणाऱ्या प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, बाकी कागद आणि फासे. धिप्पाड वेंडेल त्या खेळात रानातला वाटाड्या व्हायचा आणि मी त्याचा कुत्रा. त्याची थोरली बहीण मार्लिस चोर व्हायची. एरवी ती शाळेत मुलांना जेवण वाढायची आणि कुणाच्या काडीला हात लावायची नाही.

"अक्कल दोनच?" मला बघून ती म्हणाली.

"वेंडेलची तीन आहे. म्हणून तो मालक," ऑरिन म्हणाला.

पहिल्याच रविवारी वेंडेलने मला पार राबवलं. बंद दार दिसलं की गस पुढे, पाणी संशयाचं वाटलं की गस चाखणार. शेवटी ऑरिनने नियम केला, "जनावर तुझं. पण त्याचं हो-नाही तुझ्या डाव्या हाताला बसेल तो ठरवणार."

डावीकडे मार्लिस होती. माझ्या जिवावर बेतणारा प्रसंग आला की ती वीस बाजूंचा फासा टाकायची. बारा किंवा वर पडले की मी उडी घ्यायचो, कमी पडले की शेपूट घालून बसायचो. मला शेपूट घालायचाही अधिकार होता, मित्रांनो. केवढी श्रीमंती ती!

अशी सहा वर्षं गेली. जखम झाली की वेंडेल चौदा खोडून नऊ लिहायचा, बरा झालो की पुन्हा चौदा. खोडून खोडून ती जागा विरत गेली. एकदा तो दलदलीत गळ्यापर्यंत रुतला. मार्लिसने फासा टाकला, एकोणीस! मी त्याची कॉलर दातांत धरून त्याला ओढून काढलं. वेंडेल असा उसळला की कॉफी माझ्यावर सांडली.

"हा गेला ना, तर मीही खेळ सोडीन!"

"लिहून दे," ऑरिन म्हणाला.

"तोंडाने सांगतोय ना!"

आणि मी विश्वास ठेवला. अक्कल दोन.

मग वेंडेलने टपालाने नियमांचं नवं पुस्तक मागवलं. जाडजूड, गुळगुळीत. त्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. सोबतीचं जनावर मालकाचा हुकूम पाळतं, त्याला विचारावं लागत नाही. मेलं, तर दुसऱ्या दिवशी पहाटे रानात प्रार्थना करायची, दुसरं येतं. तसंच, किंवा त्याहून चांगलं.

"आणि डावा हात?" मार्लिसने विचारलं.

"तू तुझा चोर सांभाळ ना बाई."

तिने ऑरिनकडे पाहिलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "पुस्तकात आहे खरं."

पुढच्याच रविवारी आम्ही एका भुयारात शिरलो. फरशीखाली भाले लपवलेले होते. मार्लिस एकेक फरशी तपासू शकली असती, फक्त वेळ लागला असता.

"कशाला?" वेंडेल म्हणाला. "गस, पुढे."

मार्लिसने सवयीने फासा मुठीत घेतला.

"ठेव तो. आता विचारायचं नसतं."

"अरे, मरेल तो!"

"उद्या दुसरा येईल. मी तर म्हणतो, अस्वल घेऊ."

मी गेलो. भाल्यांचे अठरा लागले आणि माझ्याकडे होते चौदा. मला वाटलं, निदान चौदा खोडून शून्य तरी लिहील. तेवढाही मान मिळाला नाही. "कागद कशाला वाया घालवायचा," म्हणत त्याने मला उलटं केलं आणि माझ्याच पाठीवर अस्वल लिहायला घेतलं. भाले एकदाच लागले, मित्रांनो. ती पेन्सिल मात्र किती तरी वेळ टोचत होती.

मार्लिस खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. अस्वलं आली, अस्वलं मेली. दुसऱ्याला नावही मिळालं नाही, नुसता आकडा. हळूहळू जांभया वाढल्या. वेंडेल एकदा म्हणाला, "पूर्वीसारखी मजा नाही राहिली."

"पुस्तकात बघ ना," मार्लिस म्हणाली, "कुठेतरी असेल मजा."

आता मी खोक्यात पालथा पडून असतो. फाटका कान खाली, अस्वल वर.

मित्रांनो, खेळ तुमचा, नियम तुमचे, खुशाल बदला. पण तुमच्या शब्दावर जीव टाकणारं कुणी असेल, मग ते पेन्सिलीने लिहिलेलं का असेना, तर त्याला पुढे धाडण्याआधी एकदा विचारत जा. त्या दिवशी मार्लिसची मूठ उघडली असती, तर कोण जाणे, बारा पडलेही असते. मग मी माझ्या पायांनी गेलो असतो.